खाण्यास योग्य

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मुद्दाम आठवावा लागतो. पण लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या वर्गात माझ्यासमोर तांदळाचं पोतं उसवलं आणि तू बाजूला येऊन उभी राहिल्यासारखं झालं. तू लॉकडाऊन पाहिला नाहीस. एका रोगाच्या भीतीने सगळा देश बंद केला होता. रेल्वे, दुकानं, राईस मिल, बांधकामं, सगळं बंद. आपल्याकडची जी माणसं नागपूरला आणि हैदराबादला पोट भरायला गेली होती ती पायी परत आली, पायाला फडकी बांधून. सरकारने त्यांच्यासाठी तांदूळ पाठवला, आणि पुरवठा विभागातली कारकून म्हणून मी तो वाटायला बसले. पोतं उसवलं तसा तो वास आला. ओल्या गोणपाटाचा, उंदरांचा, कुजलेल्या पिठाचा. मी उठून शाळेमागच्या बोरिंगवर गेले आणि ओकले. सोबतचा शिपाई म्हणाला, "मॅडम, उन्हानं झालं." मी हो म्हटलं.

आत आले तर फोटो सुरू झाले होते. एक पिशवी, तिला धरणारे चार हात, आणि मध्ये घेणारी बाई. तोंडावर फडकं बांधणं सक्तीचं होतं, पण फोटो काढणारे ते तेवढ्यापुरतं खाली ओढायला लावत होते. एका बाईला म्हणाले, "जरा हसा ना ताई." ती तीन दिवस चालून आली होती. हसली बिचारी. त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लिहिलं की तांदूळ खाण्यास योग्य नाही, आणि पोती परत पाठवली. मनात म्हटलं, माय आता काही बोलणार नाही. पण नवीन पोती आलीच नाहीत. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. एक म्हातारी रोज शाळेच्या फाटकाशी येऊन बसायची. शेवटी ती मला म्हणाली, "बाई, तुमी पगारी मानसं. सडका तं सडका, भेटून तं राहिला होता. तुमी काहून परत धाडला?" घरी येऊन मी आंघोळ केली, पुन्हा केली, तरी अंगाला तो वास येतच राहिला. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आज लिहिते आहे.

आपल्या गावातला बिडी कारखाना बंद झाला ते वर्ष तुला आठवत असेलच. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या आणि एक वजनकाटा. पण गावातल्या निम्म्या बाया त्याच्यावर जगत होत्या. तू दुपारभर भिंतीला टेकून बसायचीस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि तुझी बोटं अशी चालायची की पाहणाऱ्याला ती थांबलेलीच वाटावीत. संध्याकाळी तू बिड्यांचे कट्टे बांधून घेऊन जायचीस आणि तिथला चेकर त्यातल्या बिड्या उचलून फेकायचा. ही बारीक, ही फाटकी, ही सैल. तू कधी वाद घातला नाहीस. म्हणायचीस, "त्याचं काम छाटाचं, माहं काम वळाचं." मग एका सोमवारी कारखान्याला कुलूप दिसलं. पुढच्या सोमवारी पाटीसुद्धा गेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धानाचे कोवळे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडले, राईस मिलचे भोंगे थांबले. बाबा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. घरात तू, मी आणि माझ्या पाठची लहानी. सूप तू धुऊन खुंटीला अडकवलंस आणि त्याच्याकडे पाठ करून बसलीस.

मदतीचं काम काढा म्हणून गावाने अर्ज दिला. तू सही करायला आणि अक्षर जुळवून वाचायला शिकली होतीस, म्हणून बायांमधली पहिली सही तुझी. तो अर्ज चार महिने फिरला. जिल्हा नुकताच फुटला होता, गोंदिया वेगळा झाला होता, आणि कोणत्याही टेबलावर गेलं की एकच उत्तर मिळायचं, तुमचा कागद तिकडे गेला असेल. आपलं गाव भंडाऱ्यातच राहिलं होतं, कुठे हललं नव्हतं. कागद मात्र हलत होता. तुझ्यासोबत मी दोनदा तालुक्याला आले होते. टेबलामागचा बाबू पान चघळत होता. तो तुला म्हणाला, "भूक लागली तं इथं येता, काम देल्लं तं उन लागते म्हणता." तू म्हणालीस, "देऊन तं पाहा, बाबू." तो हसला. त्याचे ते लाल दात मला आजही दिसतात.

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडी काम निघालं, गावतलावातला गाळ काढायचं. मजुरीचा काही भाग हातात आणि काही तांदळात मिळणार होता. उद्घाटनाला तलावाच्या पाळीवर मांडव टाकला. कोरड्या तलावात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण मांडवात शिंपडायला टँकर आला होता. नव्या फावड्याला हार घातला होता. आदल्या दिवशी तोच बाबू वस्तीत येऊन बायांना सांगून गेला, "उद्या चांगल्या साड्या नेसू नका. फाटक्या असतीन त्या नेसा. फोटोत गरिबी दिसली पाह्यजे." बाजूची काकी खरंच फाटकी शोधत बसली, तिच्याकडे होत्या त्या सगळ्याच फाटक्या, आणि त्यातली जास्त फाटकी कोणती यावर दोघी जावा बोलत होत्या. तू पेटी उघडलीस आणि धम्मचक्राच्या दिवशी नागपूरला जाताना नेसायचीस ती पांढरी साडी काढलीस. सकाळी रांगेत तू एकटीच पांढरीशुभ्र. बाबू जवळ येऊन दात ओठ खात म्हणाला, "तुले सांगतलं होतं ना?" तू म्हणालीस, "मी कामाले आली बाबू, भीक मांगाले नाई आली." फोटो काढताना त्यांनी तुला मागच्या ओळीत उभं केलं.

मी बारावी झाले होते आणि अक्षर चांगलं होतं, म्हणून मला मस्टर लिहायचं काम मिळालं. सावलीत बसून हजेरी मांडायची आणि आठवड्याचे कागद भरायचे. तुला किती आनंद झाला होता! सानगडीच्या बाजारातून तू माझ्यासाठी चपला आणल्यास, मागून पट्टा असलेल्या, तपकिरी. तुझ्या स्वतःच्या पायात टायरच्या होत्या. "साहेब लोकांसमोर अनवानी जाऊ नको. पायाकडं पायतात आन् मंग तोंडाकडं पायतात," असं म्हणालीस. मी त्या घालून झाडाखाली बसायचे आणि तू माझ्यासमोरून गाळाचं टोपलं डोक्यावर घेऊन पाळ चढायचीस. बिड्या वळणारी तुझी बोटं फावड्याने चारच दिवसांत फुटली. मी तुझं नाव रोज सगळ्यांत आधी लिहायचे.

पहिल्या शनिवारी तांदूळ आला. माय, आपण धानाच्या मुलखातली माणसं. आपल्याला शेत नव्हतं, पण कापणीला, चुरणी-मळणीला जन्म गेला, चिन्नोरचा भात कोणाच्या घरी शिजला हे आपण रस्त्यावरून वासाने ओळखायचो. आणि आपल्यालाच तो तांदूळ दिला. दाणा कमी आणि गोळे जास्त. गोळा फोडला की आतून हिरवी धूळ उडायची आणि जाळीत गुंडाळलेल्या पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. उंदराच्या लेंड्या तर वेचण्यापलीकडच्या होत्या. कोणी म्हणे चांगला तांदूळ मागच्या दाराने मिलवाल्याकडे गेला आणि तिथला सडका इकडे आला. कोणी म्हणे गोदामातच तीन पावसाळे भिजला. खरं काय ते मला आजही माहीत नाही. मी त्याच खात्यात इतकी वर्षं काढली, तरी नाही. तू खुंटीवरचं सूप काढलंस आणि पाखडायला बसलीस. तासभर पाखडून, वेचून, सात पाण्यांनी धुऊन तू तो शिजवलास, आणि तरी घरभर तो वास सुटला. लहानीने नाक दाबून खाल्ला. सोमवारी तिला उलट्या आणि हगवण लागली. तू तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलीस, तो दिवस तुझा मस्टरवर गैरहजर लागला. मीच लावला.

दर शनिवारी एक कागद भरावा लागायचा. वाटलेलं धान्य खाण्यास योग्य होतं असं लिहून त्याखाली पाच मजुरांची सही किंवा अंगठा. बाबू म्हणाला, "लिहून टाक. तुझ्या लिहिण्यानं तांदूळ बदलनार हाय काय? नाई लिहिलं तं पुढच्या हप्त्यात हाही येनार नाई. मंग गावाले तू तोंड दाखवशीन?" मी लिहिलं. पहिली सही तुझीच घ्यावी म्हणून तुझ्याकडे आले. तू चुलीपुढे होतीस. तू कागद हातात घेतलास, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलंस आणि विचारलंस, "खाण्यास योग्य. कोनाच्या खाण्यास, ते काहून नाई लिहिलं? लिव ना पुढं." मी म्हटलं, "माय, असंच लिहावं लागते." तू कागद माझ्या मांडीवर ठेवलास आणि चुलीत फुंकर घालायला लागलीस. मी बाहेर पडून दुसऱ्या पाच जणींचे अंगठे घेतले. काकीचा अंगठा घेताना ती म्हणाली, "काय लिहिलं व?" मी म्हटलं, "तांदूळ भेटला म्हणून." ते पाच आठवडे चाललं.

मग वरच्या साहेबांची पाहणी ठरली. त्या दिवशी शाळेच्या वर्गात त्यांच्या जेवणाची तयारी होती. कोंबडीचा रस्सा, भात, पापड. रांधायला दुसऱ्या मोहल्ल्यातली बाई बोलावली होती, कारण आपल्या वस्तीतल्या बाईच्या हातचं कोणाला चालेल, कोणाला न चालेल. साहेब गाडीतून उतरले, रुमाल नाकाला लावून पाळीवरून फिरले, मजुरांना सावलीची सोय हवी असं काही बोलले. बाबूने ते वहीत लिहून घेतलं. इतक्यात तू घराकडून आलीस. डोक्यावर भाताचा गंज, वर झाकण, हातात पळसाची पत्रावळ. बायांची रांग बाजूला झाली. साहेबांसमोर तू पत्रावळ जमिनीवर मांडलीस, दोन पळ्या भात वाढलास आणि म्हणालीस, "जेवा साहेब."

साहेब वाईट माणूस दिसत नव्हते. तेच तर वाईट. ते वाकले आणि म्हणाले, "हे काय आहे बाई?"

"तुमचाच तांदूळ हाय. तुमी देल्ला, म्या शिजोला. सात पान्यानं धुतला. जेवा."

वाफेसोबत वास वर आला. ते पटकन सरळ झाले. बाबू पुढे येऊन म्हणाला, "सर, हे लोक चांगला तांदूळ बाजारात विकतात आणि असा कुठून तरी आणून दाखवतात. हिची सवयच आहे. उद्घाटनालाही हिनं नाटक केलं होतं."

तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "माही पोरगी आठ दिवस हगून राहिली साहेब. एक घास घ्या, मंग बोला."

काकीने पदर तोंडात धरला होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसले, हातात वही, पायात चपला, सावलीत उभी. मी तुझी मुलगी हे त्यांना माहीत नव्हतं. बाबूला माहीत होतं, म्हणून तर तो मला एकटक पाहत होता. साहेबांनी विचारलं, "तुम्ही रेकॉर्ड ठेवता ना? धान्याबद्दल काय लिहिलंय?"

तू माझ्याकडे वळलीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, माय. विश्वास होता. तुला वाटलं होतं, आता माझी पोरगी बोलेल. मी म्हटलं, "खाण्यास योग्य आहे, सर. पाचही हप्ते."

"सह्या?"

"आहेत, सर."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांना केवढं हलकं वाटलं ते मला दिसलं. माणसाला सुटका अशी मिळते, दुसऱ्या कोणाच्या तरी कागदावर. ते शाळेकडे निघाले. तू खाली बसलीस, पत्रावळीतला भात परत गंजात भरलास, सांडलेला दाणा दाणा वेचलास आणि पत्रावळ घडी करून काखेत घेतलीस. माझ्या समोरून गेलीस, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस.

सोमवारच्या मस्टरवर तुझं नाव नव्हतं. बाबूने यादी सांगितली आणि मी लिहिली, इतकंच. तू कोंढ्याला मावशीकडे गेलीस, तिकडे वीटभट्टीवर काम केलंस आणि दर पंधरा दिवसांनी येऊन लहानीला पाहून जायचीस. तलावाचं काम पहिल्या पावसाने अर्धं थांबलं. काढलेला सगळा गाळ पाळीच्या आतल्या अंगालाच टाकला होता, तो दोन सरींत परत तलावात उतरला. आपल्या गावाच्या कामाची वरपर्यंत वाखाणणी झाली म्हणे, कारण कागद स्वच्छ होते. आणि मला साहेबांच्या सहीचं प्रशस्तिपत्र मिळालं. काम चोख, वर्तणूक उत्तम. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मी ते पुढे केलं. तू कधी ते वाचायला मागितलं नाहीस. पहिल्या पगाराची साडी तू घेतलीस, नेसलीसही, चांगली आहे म्हणालीस. त्यानंतर सात वर्षं जगलीस आणि त्या सात वर्षांत या गोष्टीचा एक शब्द तुझ्या तोंडून आला नाही. मी वाट पाहत राहिले. लोक म्हणतील, आईने माफ केलं असेल. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तू चेकरसारखं मला एकदाच उचलून पाहिलंस आणि बाजूला ठेवलंस.

बोललीस ती एकदाच, पाहणीच्या त्याच संध्याकाळी. उन्हं उतरली होती. मी घरी आले तेव्हा लहानी दारात बसून काकीने दिलेली अंबील पीत होती. तू मला पाट दिलास. ताट मांडलंस आणि त्या गंजातला भात माझ्या ताटात वाढलास. साहेबांच्या पत्रावळीतला तोच, आता थंड झालेला, गोळे गोळे झालेला. वर मीठ ठेवलंस. म्हणालीस, "खाय. खाण्यास योग्य हाय."

मी घास घेतला. दाताखाली काहीतरी फुटलं. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, मी हात ताटातच ठेवून बसले. तू समोर बसून पाहत होतीस. बऱ्याच वेळाने तू ताट आपल्याकडे ओढलंस. मला वाटलं फेकशील. तू तो भात खाल्लास, माय. सावकाश, एकेक घास, शेवटच्या दाण्यापर्यंत, माझ्याकडे बघत. मग ताट धुतलंस आणि लहानीला आत घेतलंस.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला नाही, लहानीलाही नाही. तिला फक्त आपण आजारी पडलो होतो एवढं आठवतं. हे कागद कुठे टाकायचे ते मला माहीत नाही. गावच्या घराला आता कुलूप आहे आणि पोस्टमन आपल्या वस्तीत तसाही कधी येत नव्हता. कपाटात राहतील. ऑफिसात मी आता मोठ्या खुर्चीवर बसते, माझ्यासमोर तसलेच कागद येतात. काहींवर मी सही करते. काही परत पाठवते. दोन्हींची मला सारखीच किळस येते.

एवढं लिहिलं तर एक राहिलेलं सांगून टाकते. त्या संध्याकाळी तुला वाटलं असेल, पोरगी शरमेनं दोन घासांवर थांबली. लोकांना सांगायची वेळ आली तर मीही तसंच सांगितलं असतं. पण तू गंज घेऊन गेल्यावर साहेबांनी मला शाळेत बोलावलं होतं. "हिलाही वाढा, चांगली मुलगी आहे," म्हणाले. मी त्यांच्या पंगतीच्या टोकाला बसून जेवले. रस्सा झणझणीत होता, भात चिन्नोरचा होता आणि मी दोनदा मागून घेतला. मग हाताला वास राहू नये म्हणून साबणाने तीनदा हात धुतले आणि घरी आले. मला भूकच नव्हती, माय.